अंगावर घातलेला आवाज

एक कोडं घ्या. असा पोशाख शिवायचाय जो अंगावर चढवला की वाजला पाहिजे. तो घालून गावोगाव चालायचंय. वायर नको, पाठीवर ओझं नको, हात शक्यतो मोकळे हवेत. आवाज मात्र गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, बंद दाराआड झोपलेल्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. काय घ्याल?

आज आपण दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारू, ‘किती वॅटचा स्पीकर?’ पण जालन्यात, अख्ख्या मराठवाड्यात, हे कोडं वीज यायच्या कितीतरी आधी सुटलेलं आहे. वासुदेव, पिंगळा, गोंधळी, पोतराज यांनी ते सोडवलं, आणि वॅटचा विचार न करता!

वासुदेवापासून सुरुवात करू. डोक्यावर मोरपिसांची टोपी, अंगात घोळदार अंगरखा. वाद्यं कुठे आहेत? हातात चिपळ्या आणि टाळ, पायात घुंगरं, कमरेला खोचलेला पावा. सगळं मिळून एका पिशवीत मावेल एवढं सामान. मग एवढ्याशा पितळेला आणि लाकडाला इतका आवाज येतो कुठून?

उत्तराचा अर्धा भाग वासुदेवाकडे नाहीच, तो तुमच्या कानात आहे! कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंत जेमतेम अडीच सेंटिमीटरची नळी असते. एका टोकाला बंद असलेली एवढीशी नळी सेकंदाला सुमारे ३,००० कंपनांना आपोआप घुमते. त्या पट्ट्यातला आवाज कान स्वतःच वाढवून घेतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली कानाच्या या आवडीनिवडीचा आलेखच मांडला. १०० कंपनांचा खर्ज नुसता ऐकू यावा एवढ्यासाठी, ३,००० कंपनांच्या आवाजापेक्षा हजारपटीहून जास्त शक्ती लागते. हजारपट!

आता उरलेला अर्धा भाग पाहा. १०० कंपनांच्या आवाजाची एक लाट साडेतीन मीटर लांब असते. तेवढी हवा हलवायची तर वाद्य मोठं लागणार, म्हणजेच जड लागणार. ३,००० कंपनांची लाट मात्र ११ सेंटिमीटरची. ती तळहातात मावणारी वस्तूही सहज उठवू शकते. म्हणजे जे छोट्या वाद्याला जमतं, नेमकं तेच कानाला सगळ्यांत जास्त ऐकू येतं. चिपळ्यांच्या चकत्या आणि घुंगरं या सुरेख योगायोगावर जगतात.

मग घुंगरं भरमसाट वाढवली तर? इथे निसर्ग हिशोबाला बसतो. एकाच्या जागी दहा घुंगरं वाजवली, तर आवाज दहापट वाटत नाही, साधारण दुप्पट वाटतो. शंभर वाजवली तर चौपट. वजन मात्र प्रामाणिकपणे शंभरपट होतं! लावणी नाचणारी कलावंतीण काही किलोंचे चाळ पायांत बांधते, कारण तिला ढोलकीच्या वर उठायचं असतं आणि तिचा मंच ठरलेला असतो. दिवसभर चालणाऱ्या वासुदेवाला मोजकीच घुंगरं शहाणपणाची.

पण कधीकधी भारदस्त आवाज हवाच असतो. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या दारी गोंधळ घालायचा तर संबळ लागणारच. शेजारी शेजारी बांधलेले दोन डगे, एक उंच सुराचा, एक खालच्या. ते असतात कुठे? कमरेला. खांद्याला लटकवलेलं वजन पाठ वाकवतं, कमरेवरचं वजन थेट पायांकडे जातं. गिर्यारोहकांच्या सॅकला कमरपट्टा असतो तो याच कारणाने. शिवाय गोंधळ्याचे दोन्ही हात काठ्यांसाठी मोकळे राहतात आणि तो नाचूही शकतो.

त्याच्या साथीदाराचं तुणतुणं तर आणखी हुशार. नुसती बारीक तार ताणून छेडली, तर आवाज जवळजवळ येतच नाही. तार हवेला कापत जाते, ढकलत नाही. पण तिचं एक टोक पोकळ नळकांड्याच्या कातडी बुडाला बांधा. आता तार थरथरली की सगळं कातडं थरथरतं, आणि कातडं हवेला चांगलंच ढकलतं. बारीक वस्तूची हालचाल पसरट पडद्याला द्यायची, हेच काम आजचे बहुतेक स्पीकर करतात.

हात कमी पडले तर काय करायचं, ते पिंगळ्याला विचारा. तो पहाटेच्या अंधारात येतो, म्हणून एका हातात कंदील असतो. दुसऱ्या हातात कुडमुडं. मनगट फिरवलं की दोरीच्या गाठी आळीपाळीने दोन्ही तोंडांवर आपटतात. एक हात, दोन तोंडं, काठी नाहीच!

आणि पहाटच का? प्रथेचं कारण काही असो, भौतिकशास्त्राचं कारण थक्क करणारं आहे. मराठवाड्यातल्या निरभ्र हिवाळी रात्री जमीन भराभर थंड होते आणि तिच्या लगतची हवाही. वरची हवा तुलनेने उबदार राहते. उबदार हवेत आवाज जरा वेगाने धावतो, त्यामुळे आकाशाकडे निसटणारी लाट वळून पुन्हा जमिनीकडे येते. दुपारी याच्या उलट घडतं, आवाज वर उडून जातो. पहाटे जणू गावावर अदृश्य छत पडलेलं असतं, आणि त्याचं वजन कलाकाराला उचलावं लागत नाही.

सगळ्यांत हलकं वाद्य मात्र पोतराजाकडे आहे, कारण ते वाद्यच नाही. खणांच्या तुकड्यांचा घागरा, कमरेला घुंगरं आणि हातात आसूड. मुठीकडे जाड, टोकाकडे निमुळता. हात फिरला की आसुडात एक वेढा धावत सुटतो. पुढे पुढे दोर बारीक होत जातो, त्यामुळे तीच ऊर्जा कमी वजनाच्या वाट्याला येते आणि वेग वाढत वाढत आवाजाच्या वेगापलीकडे जातो, ताशी १,२०० किलोमीटरच्या वर! तो ‘फट्’ म्हणजे छोटासा ध्वनिस्फोट. विमानाने सरळ उड्डाणात ही सीमा ओलांडली ती १९४७ साली. अॅरिझोना विद्यापीठातल्या गोरिएली आणि मॅकमिलन यांनी २००२ साली गणिताने दाखवलं, की हा स्फोट आसुडाचं टोक नव्हे, तर धावता वेढा घडवतो. यात कौतुक तंत्राचं. पोतराजाचं जगणं किती खडतर होतं, हे पार्थ पोळके यांच्या ‘आभरान’मध्ये वाचावं.

आता पुन्हा दुकानात जाऊ. शोभायात्रेसाठी, शाळेच्या गॅदरिंगसाठी पोशाखात बॅटरीचा स्पीकर बसवायचाय. साधं बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाची शक्ती किती असते माहीत आहे? वॅटचा सुमारे एक लाखावा भाग. म्हणजे एक लाख माणसं एकदम बोलली तर एक वॅट! साधा स्पीकर विजेतला जेमतेम शंभरावा हिस्सा आवाजात बदलतो, बाकी सगळी उष्णता. तरीही ५ वॅटचा स्पीकर भरपूर वाटेल. १० वॅटचा घेतला तर फरक फक्त ३ डेसिबलचा, आणि बॅटरीवरचा भार दुप्पट. म्हणून वॅट मागे ठेवा. स्पीकर जाड कापडाआड लपवू नका, कारण कापड नेमका तीक्ष्ण आवाज गिळतं. तो कमरेला पुढे बांधा. माईक ओठांशी आणि स्पीकरच्या तोंडासमोर कधीच नाही, नाहीतर दोघं एकमेकांचं ऐकून शिट्टी मारत बसतील. आणि खर्ज सरळ कापून टाका.

खर्ज कापायचा? मग गॅदरिंगच्या नाटकातला घोगऱ्या आवाजाचा राक्षस चिरका नाही वाटणार? नाही! जुना लँडलाइन फोन आठवा. त्यातून ३०० कंपनांच्या खालचा आवाज जवळपास येतच नसे. पुरुषाच्या आवाजाचा पाया १००-१२० कंपनांचा, म्हणजे तो तारेतून कधी आलाच नाही. तरी बाबांचा आवाज बाबांसारखाच भरदार यायचा. कारण वरचे सूर ऐकून मेंदू हिशोब करतो, त्यांचा पाया काय असेल ते ताडतो आणि न आलेला खर्ज स्वतः भरून काढतो. तुमच्या पोशाखातला सगळ्यांत जड भाग तुम्हाला वाहायचाच नाही. तो प्रेक्षक घरून घेऊन येतात.