पावसाळा संपला की डिफरन्शियलचे ऑइल बघाच

खामगाव-मलकापूरच्या बाजारात कापूस, सोयाबीन नेणाऱ्या पिकअपचे इंजिन ऑइल सहसा वेळेवर बदलते. मागच्या डिफरन्शियलचे मात्र राहून जाते. ‘ते जळत नाही, मग बदलायचे कशाला?’ हा आक्षेप अर्धाच खरा. जळत नसले तरी दातांच्या घर्षणाने लोखंडाचा कीस त्यात साठतो. शिवाय तापलेले हाउसिंग नाल्याच्या गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि हवा जाण्यायेण्याच्या ब्रीदरमधून, झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून ऑइल दुधाळ दिसले, तर किलोमीटर मोजत बसू नये, लगेच बदलावे. आधी वरचा, भरायचा नट सोडवावा, मगच खालचा. खालच्या नटाच्या चुंबकावर राखाडी लेप असला तर चालतो, तुकडे मात्र धोक्याचे. कंपनीने सांगितलेलेच गिअर ऑइल वरच्या भोकाच्या काठापर्यंत भरावे.