एका जागी अडीचशे किलोमीटर

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. २०२४ च्या जुलै महिन्यात, आषाढी एकादशीच्या आधीच्या दहा दिवसांत, आमच्या गावच्या व्यायामशाळेत आम्ही बारा जणांनी तेवढे अंतर एका जागी उभ्या असलेल्या सायकलवर कापायचे ठरवले. रोज पंचवीस किलोमीटर. बाहेर पावसाची झड, म्हणून सगळी वारी छपराखाली. प्रत्येकाच्या नावावर नातेवाईक, मित्र, गिऱ्हाइके यांनी दर किलोमीटरला पाच-दहा रुपये द्यायचे कबूल केले होते.

पैसे कशासाठी? टाइप वन मधुमेह असलेली आमच्या तालुक्यातील सात मुले माझ्या माहितीत आहेत. या आजारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते टोचूनच घ्यावे लागते. १९२२ साली टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार दिवस जगत नसत. आज इन्सुलिन मिळते, पण किती टोचायचे हे ठरवायला दिवसातून तीन-चार वेळा साखर तपासावी लागते. तपासणीची एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते, म्हणजे एका मुलाचा महिन्याचा खर्च दोन हजारांच्या आसपास. मजुरी करणारे आईबाप मग पट्ट्या वाचवतात आणि डोस अंदाजाने देतात.

सहभागी होणाऱ्यांची तपासणी माझ्याकडे होती. मी सर्वांचा रक्तदाब, साखर व ईसीजी पाहिला, स्वतःचाही पाहून घेतला आणि सर्वांना हिरवा कंदील दिला. एक साधा प्रश्न मात्र विचारायचा राहिला.

आमच्यात तिशीचा एक कापड दुकानदार होता. निर्व्यसनी, धडधाकट. त्याच्या गिऱ्हाइकांनी सर्वांत जास्त पैसे बोलले होते. पहिल्या संध्याकाळी पंचवीस किलोमीटर झाले तरी तो उतरेना. "डॉक्टर, आकडा वाढतोय तेवढ्या पट्ट्या वाढताहेत," असे म्हणत त्याने साठ किलोमीटर केले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पाय आखडले होते. त्याने मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून घेतल्या आणि पुन्हा सायकलवर बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पत्नीचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, यांना जिना उतरता येत नाही. मांड्या सुजल्यात. आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय."

हे शेवटचे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम फार ताण पडला की त्यांच्या पेशी फुटतात. आतला लालसर रंगाचा मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो, लघवी काळपट करतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. त्यात वेदनाशामक गोळ्या पडल्या, की मूत्रपिंडांवर दुहेरी मार. त्याला लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियनकडे पाठवले. रक्तातील सीपीके साधारण दोनशेच्या आत असते. त्याचे चाळीस हजारांच्या वर होते. भरपूर सलाईन दिले गेले, मूत्रपिंडे वाचली, डायलिसिसची वेळ आली नाही.

राहून गेलेला प्रश्न मी त्याला कॉटशेजारी उभा राहून विचारला, "याआधी सायकल कधी चालवली होतीस?" तो म्हणाला, "दहावीत असताना."

वाचकहो, एका जागची सायकल दिसते तितकी सोपी नाही. रस्त्यावर उतार येतो, म्हैस आडवी येते, पाय आपोआप थांबतात. येथे मांड्यांना क्षणाची उसंत नसते. वारा लागत नाही, त्यामुळे घाम वाळत नाही, अंग तापते आणि शरीरातील पाणी भराभर कमी होते.

त्या संध्याकाळी आम्ही सर्व जण बसलो. थांबावे, तर मुलांच्या पट्ट्यांचे काय? एक वयस्कर वारकरी म्हणाले, "पालखीसुद्धा पुण्याला दोन मुक्काम करते, सासवडला दोन करते. तुम्हालाच कसली घाई?" आम्ही देणगीदारांना विनंती केली, की पैसे किलोमीटरवर न देता हजेरीवर द्या. सहावा दिवस विश्रांतीचा ठेवला. उरलेले दिवस प्रत्येकाने झेपेल तेवढेच पाय मारले. माझे अंतर एकशे नव्वदवरच थांबले. पण एकाही देणगीदाराने हात आखडता घेतला नाही, आणि सात मुलांच्या जवळपास वर्षभराच्या पट्ट्यांची सोय झाली.

असा उपक्रम आपल्या गावात करायचा असेल, तर निदान महिनाभर आधी सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटे पुरे, पुढे हळूहळू वाढवा. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते. समोर पंखा लावा, अधूनमधून पाणी प्या. शेजाऱ्याशी बोलता येईल इतपतच वेग ठेवा. मधुमेह, हृदयविकार असेल किंवा कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातील गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. अंगात ताप असेल त्या दिवशी सायकलला हात लावू नका.

नव्या व्यायामानंतर दोन-तीन दिवस पाय दुखणे स्वाभाविक आहे. पण मांड्या सुजल्या, पायांतील ताकद गेली किंवा लघवीचा रंग गडद झाला, तर गोळी घेऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. छातीत दुखले, चक्कर आली तर तत्क्षणी थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.

आमचा दुकानदार आता पूर्ण बरा आहे. फिजिशियनची परवानगी मिळाल्यावर तो पुन्हा व्यायामशाळेत येऊ लागला. रोज अर्धा तास सायकल मारतो, घड्याळ पाहून उतरतो. आणि माझ्या तपासणीच्या फॉर्मवर आता पहिला प्रश्न छापला आहे: शेवटची सायकल कधी चालवली?