वृद्धांची निद्रा

म्हातारपणी झोप कमी लागते, असा समज वऱ्हाडात रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. वयोमानाने गाढ निद्रा उणावते. तिची गरज उणावत नाही. दिवसभरात पाहिलेले-ऐकलेले मेंदूत पक्के होण्यास या निद्रेचे मोठे साहाय्य होते. ब्रिटनमधील सुमारे ८,००० सरकारी नोकरांचा २५ वर्षे मागोवा घेतला गेला. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सतत सहा तास वा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

आता अकोल्याचा उन्हाळा आठवा. मध्यरात्र उलटली तरी भिंती तापलेल्याच! अमरावतीकडे पिकात रानडुकरे शिरतात, म्हणून वृद्ध शेतकरी मचाणावर जागलीला बसतो. सकाळी तो नातवाचे नाव विसरला, तर घरची माणसे वयाला बोल लावतात. रात्री झोप किती झाली, हे कोणी पुसत नाही.