'उत्तीर्ण' आणि 'निवड' : नवोदय प्रवेशपरीक्षेतील प्रमाण व जागा यांचा विचार

शब्द सैलपणे वापरला म्हणजे विचारही सैल होतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास नवी नाही. परंतु कित्येकदा अशा सैलपणाचे ओझे दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर पडते. पाचवीत शिकणारी ग्रामीण मुले जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसतात. निकाल लागला की गावोगाव 'अमका पास झाला', 'तमका नापास झाला' अशी वाक्ये उच्चारली जातात. या परीक्षेच्या संदर्भात ही वाक्ये यथार्थ आहेत काय, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अनुषंगाने विचार केला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'उत्तीर्ण' हे 'उद्' उपसर्गपूर्वक 'तॄ' धातूपासून झालेले रूप असून 'पार गेलेला' हा त्याचा मूळ अर्थ होय. नदी तरून जो पैलतीरास पोहोचला तो उत्तीर्ण. पैलतीरावर किती जणांनी उभे राहावे यास मर्यादा नसते. एक तरला म्हणून दुसरा बुडत नाही. 'निवडणे' या क्रियापदाची जात निराळी आहे. सुपात घेतलेल्या धान्यातून वा जुडीतून काही वेचून घ्यावयाचे, हा त्याचा घरगुती अर्थ. निवडीत काही घेतले जाते आणि काही मागे राहते. किती घ्यावयाचे हे घेणाऱ्याच्या गरजेवर ठरते. 'नापास' हा शब्द तर फारसी 'ना' आणि इंग्रजी 'पास' यांच्या संकराने आपल्याकडे रूढ झालेला आहे आणि त्यात दोषाची छटा स्पष्ट आहे.

नवोदय विद्यालयांची योजना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी निगडित आहे. हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे १९८५-८६ मध्ये पहिली दोन विद्यालये प्रयोगादाखल सुरू झाली. अहमदनगर जिल्ह्याचे विद्यालय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे आहे. निवासी शिक्षण, सहावीपासून बारावीपर्यंतची सोय आणि प्रारंभीच्या इयत्तांत तरी पालकांवर खर्चाचा भार नाही, यांमुळे शेतकरी व मजूर कुटुंबांस या शाळेचे मोठे आकर्षण वाटते. मात्र सहावीच्या वर्गात एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. संपूर्ण प्रश्नाचे मूळ या एका आकड्यात आहे.

समजा, एखाद्या वर्षी जिल्ह्यातून ८,००० मुले परीक्षेस बसली. ८० जागांच्या हिशेबाने शंभरात एका मुलाची निवड होईल. पुढील वर्षी तितक्याच तयारीची १०,००० मुले बसली, तर हे प्रमाण ०.८ टक्क्यावर येईल. मुलांच्या ज्ञानात अथवा शिक्षकांच्या परिश्रमात काडीचाही फरक नसताना 'निकाल' घसरला असे दिसेल. उलट, सर्व मुलांची तयारी दुप्पट झाली तरीही निवड ८० जणांचीच होणार. तात्पर्य, हे प्रमाण विद्यार्थ्यांच्या योग्यतेचे माप नसून जागा व उमेदवार यांच्या गुणोत्तराचे माप आहे. किमान अर्हतेची अट ठेवली, तरी उमेदवारांची संख्या अफाट असली म्हणजे यादी अर्हतेपाशी न संपता जागांपाशी संपते.

हीच गोष्ट दोन जिल्ह्यांच्या तुलनेने अधिक स्पष्ट होईल. २०११ च्या जनगणनेनुसार अहमदनगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९, तर सिंधुदुर्ग जिल्ह्याची ८,४९,६५१ होती. म्हणजे पहिली दुसरीच्या पाचपटींहून अधिक. प्रत्येक जिल्ह्यास एक विद्यालय हे योजनेचे साधारण सूत्र असल्याने जागांची कमाल संख्या मात्र दोन्हीकडे सारखीच. लोकसंख्या म्हणजे उमेदवारसंख्या नव्हे, हे खरे; तथापि ज्या तयारीवर एका जिल्ह्यात जागा मिळेल, त्याच तयारीचा मुलगा दुसऱ्या जिल्ह्यात बाहेर राहू शकतो. तो 'नापास' झाला असे म्हणणे म्हणजे जिल्ह्याच्या सीमारेषेचा दोष मुलाच्या माथी मारणे होय.

गुणांचा विचार केला तरी हेच दिसते. अलीकडील वर्षांत या परीक्षेत ८० प्रश्न व १०० गुण असून वेळ दोन तासांचा आहे. मानसिक क्षमतेस ५०, अंकगणितास २५ व भाषेस २५ गुण आहेत. म्हणजे प्रत्येक प्रश्न सव्वा गुणाचा. हजारो मुलांचे गुण एका श्रेणीत मांडले असता सीमेच्या आसपास फार गर्दी होते, आणि एका प्रश्नाचे उत्तर अनेक मुलांचे स्थान बदलून टाकते. ८० वा आणि ८१ वा यांच्यात बुद्धीची दरी आहे, असे कोणतेही मापनशास्त्र सांगणार नाही.

ज्या जागा आहेत, त्यांच्या वाटपाचेही नियम आहेत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांस मिळतात. मुलींसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव असतात. अनुसूचित जाती-जमाती व इतर मागास वर्ग यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. हे नियम न्याय्य हेतूने केलेले आहेत. तरीही ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असावीत, ही अट पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड कामगारांच्या मुलांस जड जाते. हंगामात आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचे वर्ष मध्येच तुटते. परीक्षा एकदाच देता येते, दुसरी संधी नाही. असे मूल पुष्कळदा परीक्षेच्या दारापर्यंतच पोहोचत नाही, आणि म्हणून कोणत्याही टक्केवारीत त्याची गणना होत नाही.

भाषाविभागाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. परीक्षा मराठीतून देता येते, ही मोठी सोय आहे. भाषेच्या विभागात उतारे वाचून त्यांवरील प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात आणि उताऱ्यांची भाषा अर्थातच ग्रंथिक प्रमाणभाषा असते. अकोले तालुक्यातील महादेव कोळी वा ठाकर समाजाच्या मुलाच्या घरची बोली आणि ही भाषा यांत जे अंतर आहे, ते नगर शहरालगतच्या नोकरदाराच्या मुलास पार करावे लागत नाही. २५ गुणांचा हा विभाग आकलनशक्तीबरोबर प्रमाणभाषेच्या सहवासाचेही मापन करतो, हे ध्यानी ठेवणे अवश्य आहे.

सर्वच परीक्षांची रीत एक नाही. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत प्रत्येक पेपरात ४० टक्के गुण मिळविणारा 'पात्र' ठरतो, आणि पात्र मुलांतून गुणवत्तेनुसार ठरावीक संख्येचे 'शिष्यवृत्तीधारक' निवडले जातात. येथे तरणे आणि निवडले जाणे या दोन क्रियांस दोन शब्द योजले आहेत. ही परिभाषा अनुकरणीय होय.

या प्रश्नाचा ऊहापोह इंग्लंडमध्ये पूर्वीच झाला आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तेथे ग्रामर स्कूलच्या प्रवेशासाठी अकराव्या वर्षीची परीक्षा सार्वत्रिक झाली. जागांची संख्या प्रांतोप्रांती भिन्न असल्याने एकाच गुणांवर एका ठिकाणी प्रवेश मिळे, तर दुसरीकडे नाकारला जाई. येट्स व पिजन यांच्या १९५७ च्या अभ्यासात असे दिसून आले की, उत्तमातील उत्तम पद्धती वापरली तरी सुमारे दहा टक्के मुलांची वाटणी चुकते. बर्मिंगहॅममध्ये मुलांसाठी सुमारे ५४० व मुलींसाठी सुमारे ३६० जागा होत्या. त्यामुळे मुलींस अधिक गुण मिळवावे लागत. १९८९ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने ही व्यवस्था पक्षपाती ठरविली. जागा कमी असणे आणि योग्यता कमी असणे या दोन गोष्टींची गल्लत तेथेही झाली होती.

या विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, शाळेचा अथवा तालुक्याचा दर्जा नवोदयात निवडलेल्या मुलांच्या संख्येवरून ठरवू नये. तुलना करावयाचीच असेल, तर बसलेली मुले, उपलब्ध जागा आणि परीक्षेपर्यंत पोहोचू न शकलेली मुले हे तिन्ही आकडे समोर असावेत. दुसरी गोष्ट शब्दाची. नगर भागातील सामान्य माणूस पुष्कळदा 'नवोदयला पोराचा नंबर लागला' असे म्हणतो. या बोलण्यात रांगेची कल्पना आहे : जागा मोजक्या, उभे राहणारे पुष्कळ. ज्याचा नंबर लागला नाही तो रांगेत मागे राहिला. तो बुडाला नाही. शिक्षितांच्या 'पास-नापास' या जोडीपेक्षा ही लोकोक्ती वस्तुस्थितीशी अधिक प्रामाणिक आहे. शिक्षकाने निकालाच्या दिवशी ८१ व्या मुलाशी बोलताना तीच योजावी, हे शास्त्रदृष्ट्या युक्त आणि माणुसकीस धरून होईल.