नैकुंड ते देवळी : लोखंड सोडवण्याचा मागोवा

वर्ध्याहून यवतमाळकडे जाताना लागणारं देवळी हे कापूस, तूर आणि सोयाबीनच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. इथल्या एमआयडीसीत आज पोलादाचे बिलेट ओतले जातात, टीएमटी सळई निघते. शेतीच्या मुलखात लोखंड उपरं वाटतं, पण विदर्भाचं आणि लोखंडाचं नातं अडीच हजार वर्षांहून जुनं आहे. या सगळ्या काळात काम एकच चाललं आहे : लोखंडाला ऑक्सिजनपासून सोडवायचं.

लोखंड हा मध्यम क्रियाशील धातू. सोन्यासारखा तो निसर्गात एकटा राहत नाही, हेमॅटाइटच्या तांबूस दगडात ऑक्सिजनशी बांधलेला सापडतो. पुरेशा उष्णतेत कार्बन हा ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. सगळ्या लोहविद्येचा पाया हाच.

नागपूर जिल्ह्यात नैकुंड इथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं, तेव्हा महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळायची भट्टी हाती लागली. काळ साधारण इसवीसनपूर्व सातव्या शतकाचा. विटांची भट्टी, हवा फुंकायच्या मातीच्या नळ्या आणि शेजारी लोहमळी. या भट्टीत लोखंड वितळत नसे. कोळशाच्या धगीत खनिजातला ऑक्सिजन निघून जाई आणि मागे स्पंजासारखा सच्छिद्र गोळा उरे. तो तापवून, ठोकून त्यातली मळी काढायची. त्याच काळातल्या माहुरझरीच्या दफनांत घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकार मिळाले, त्यांवर लोखंडी गुंड्या होत्या. कोणता धातू कुठे वापरायचा, याची जाण त्या कारागिरांना होती.

पुढचा मोठा टप्पा १८८२चा. चांदा जिल्ह्यातल्या लोहखनिजावर रिटर फॉन श्वार्त्स यांचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याला उत्तम खनिज आणि वरोऱ्याला कोळसा, म्हणजे कारखाना इथेच उभा राहायला हवा होता. पण तपासणीत वरोऱ्याचा कोळसा नापास ठरला. झोतभट्टीत कार्बनला दोन कामं करावी लागतात : ऑक्सिजन ओढायचा आणि वरचा खनिजाचा भार पेलायचा. त्यासाठी टणक कोक लागतो आणि या कोळशाचा तो होत नव्हता. अखेर कारखाना साकचीला, आजच्या जमशेदपूरला गेला. तिथे १९१२ साली पोलाद निघालं आणि विदर्भाची संधी शंभरेक वर्षं लांबली.

त्या अडचणीवर उपाय निघाला तो स्पंज आयर्नचा. फिरत्या भट्टीत साधारण हजार अंशांवर, कोक न होणाऱ्या कोळशानेही खनिजातला ऑक्सिजन काढता येतो, लोखंड न वितळवता. लॉइड्स मेटल्सने चंद्रपूर जिल्ह्यात घुग्गुसला १९९५मध्ये हे उत्पादन सुरू केलं. नैकुंडच्या भट्टीचं रसायन नव्या यंत्रात परत आलं, असं मी मानतो. वर्ध्याजवळ भूगावला लॉइड्स स्टील उभं राहिलं, पुढे ते उत्तम समूहाकडे गेलं आणि आता एव्होनिथ या नावाने चालतं. देवळीतल्या महालक्ष्मी टीएमटी, एसएमडब्ल्यू इस्पात यांसारख्या कारखान्यांमुळे सळईचा धंदा तालुक्यात रुजला. २८ फेब्रुवारी २०२४ला वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं आणि देवळी रुळांनीही जोडली गेली.

सळई ज्या पोलादाची होते, ते इंडक्शन भट्टीत करताना स्पंज आयर्नबरोबर भंगार घालतात. भंगारात ऑक्सिजन सोडवायचं काम आधीच झालेलं असतं. उरतं ते मुख्यतः वितळवणं. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद करताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगारातून करताना त्याहून कितीतरी कमी. घरातल्या जर्मनच्या पातेल्याबाबत हा फरक आणखी मोठा. ऍल्युमिनियम इतकं क्रियाशील की कार्बनच्या साध्या भट्टीला ते दाद देत नाही, वीजच लागते. हॉल आणि हेरू यांनी १८८६मध्ये स्वतंत्रपणे ती रीत शोधली. फुटकं पातेलं पुन्हा वितळवायला मात्र नव्या धातूच्या जवळपास पाच टक्केच ऊर्जा पुरते.

पण भंगारातही क्रियाशीलतेचा नियम सुटत नाही. ऍल्युमिनियम किंवा सिलिकॉन पोलादात शिरलं, तर ते लोखंडाच्या आधी ऑक्सिजन पकडतं आणि मळीत निघून जातं. तांबं लोखंडापेक्षा कमी क्रियाशील, म्हणून ते जात नाही. एकदा मिसळलं की कायमचं राहतं आणि तप्त पोलाद लाटताना त्याला तडे पाडतं. म्हणून जळक्या मोटारीतून तांब्याची तार उपसणारा कबाडी जे काम करतो, ते कोणत्याही भट्टीला नंतर करता येत नाही.

टाकाऊ वस्तू मोडायच्या अशा कामाची किंमत जिवानेही मोजली गेली आहे. पुलगाव देवळी तालुक्यातच. तिथल्या दारूगोळा भांडाराच्या हद्दीत, सोनेगाव (आबाजी) जवळ २० नोव्हेंबर २०१८ला मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करायच्या कामात स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत रोजंदारीवरचे मजूर होते. वापरून झालेली वस्तू निकामी करणं, फोडणं, वेगळी करणं हे धातूच्या प्रवासातलं सर्वांत धोक्याचं काम, आणि ते सर्वांत कमी संरक्षण असलेल्या माणसाच्या वाट्याला येतं.

वर्ध्याच्या मगनवाडीत काम केलेल्या जे. सी. कुमारप्पांनी १९४५च्या आपल्या ग्रंथात निसर्गाच्या संपत्तीचे दोन भाग केले : पुन्हा पुन्हा निर्माण होणारी आणि वापरली की संपणारी. लोहखनिज त्यांनी दुसऱ्या भागात ठेवलं. गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर आज खणला जात असताना हा विचार वर्धा जिल्ह्याने विसरू नये. केंद्र सरकारने २०१९मध्ये पोलाद भंगाराचं धोरण आणलं. त्याचा खरा अर्थ देवळीसारख्या ठिकाणी लागायला हवा : भंगार वेगळं करायची नीट जागा, हातमोजे, चष्मे, चोख वजनकाटा, विमा आणि त्या कौशल्याला साजेसा दाम. ऑक्सिजनपासून एकदा सोडवलेलं लोखंड परत मातीत जाऊ न देणारी ही माणसं लोहउद्योगाचे कामगारच आहेत, आणि त्यांची नोंद तशीच व्हायला हवी.