स्वमग्न की विषयमग्न? : स्वमग्न व्यक्तींचे चाहतेपण आणि त्याचा निःसंकोच आनंद

प्रस्तावना

'ऑटिझम' या संज्ञेसाठी मराठीत 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. 'आत्ममग्नता' हा पर्यायही आढळतो. दोन्ही शब्द मूळ ग्रीक शब्दाशी प्रामाणिक आहेत, कारण 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः'. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ही संज्ञा १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे जगापासून झालेले तुटलेपण सांगण्यासाठी योजली होती. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या निबंधात ती एका वेगळ्या अवस्थेसाठी वापरली आणि पुढे तीच रूढ झाली. शब्दाबरोबर एक ग्रहही रूढ झाला. स्वमग्न व्यक्ती ही स्वतःच्या आत बुडालेली असते आणि बाहेरच्या जगात तिला रस नसतो, असा तो ग्रह होय.

प्रत्यक्ष अनुभव मात्र बहुधा उलट सांगतो. स्वमग्न मूल ज्यात तासन्‌तास बुडालेले असते ते त्याचे 'स्व' नसते. ते रेल्वेचे वेळापत्रक असते, एखादी चित्रमालिका असते, क्रिकेटचे जुने धावफलक असतात किंवा एखाद्या कादंबरीमालेतील काल्पनिक प्रदेशाचा नकाशा असतो. मग्नता खरी आहे, परंतु तिचा विषय बाहेर आहे. 'विषयमग्न' हा शब्द कदाचित अधिक न्याय्य ठरला असता. या मग्नतेचे एक विशेष रूप म्हणजे चाहतेपण. विशेषतः महाजालाच्या आधारे इतर चाहत्यांसह अनुभवले जाणारे हे चाहतेपण लक्षण म्हणून मोजले जाते, पण आनंद म्हणून क्वचितच पाहिले जाते. त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लक्षणांच्या यादीतील आनंद

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ मधील निदानपुस्तिकेत, तीव्रतेच्या किंवा रोखाच्या दृष्टीने अस्वाभाविक ठरणारी मर्यादित व ठाम आवड हे स्वमग्नतेचे एक लक्षण मानले आहे. येथे 'अस्वाभाविक' हे विशेषण कळीचे आहे. किती आवड म्हणजे स्वाभाविक, हे ठरवणारे माप कोणाच्या हाती असते? मराठी भाषेतच या मापाच्या अनेक पायऱ्या आहेत. 'छंद' प्रतिष्ठित आहे, 'नाद' संशयास्पद आहे, 'खूळ' हास्यास्पद आहे आणि 'ध्यास' वंदनीय आहे. चारही शब्दांमागील मनोव्यापार फारसा वेगळा नाही. आवडीचा विषय काय आणि तिच्यातून निष्पन्न काय झाले, यावरून समाज शब्द निवडतो.

हा मनोव्यापार समजून घेण्यासाठी डायना मरे, माइक लेसर आणि वेंडी लॉसन यांनी २००५ मध्ये मांडलेली उपपत्ती उपयुक्त आहे. तिला 'एककेंद्री अवधान' म्हणता येईल. माणसाजवळ अवधानाचा साठा मर्यादित असतो. बहुतेक लोक तो एकाच वेळी अनेक ठिकाणी थोडाथोडा वाटून देतात: बोलणाऱ्याचे शब्द, त्याचा चेहरा, खोलीतील इतर माणसे, घड्याळ. स्वमग्न व्यक्तीचे अवधान मात्र एका वेळी एका किंवा अगदी थोड्या विषयांत सर्वस्वी गुंतते. त्यामुळे त्या विषयातील बारकावे तिला विलक्षण स्पष्ट दिसतात. त्यातून अचानक बाहेर ओढले जाणे हा मात्र तिच्यासाठी खरोखरीचा आघात असतो. हाक मारूनही 'ओ' न देणारा विद्यार्थी उद्धट आहे की त्याचे अवधान दुसरीकडे पूर्णपणे गुंतले आहे, याचा निवाडा करण्यापूर्वी ही उपपत्ती लक्षात घेणे इष्ट ठरते.

पुनरावृत्तीचेही असेच आहे. एकच चित्रपट पन्नास वेळा पाहणे, एकच संवाद पुन्हा पुन्हा म्हणणे हे निदानात दोष म्हणून नोंदले जाते. मराठी संस्कृतीला मात्र पुनरावृत्ती परकी नाही. एकच ग्रंथ दरवर्षी आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्यास 'पारायण' असे आदराचे नाव आहे. संगीत रंगभूमीवर तेच पद तिसऱ्यांदा ऐकण्यासाठी नाटक थांबवण्याचा 'वन्समोअर'चा अधिकार प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या बजावला. पुढे काय येणार हे ठाऊक असूनही, किंबहुना ठाऊक आहे म्हणूनच, त्यात सुख असते. आवाज, प्रकाश व माणसांची वर्दळ ज्याला सतत बोचते, अशा व्यक्तीला हे सुख अधिक हवेसे वाटावे यात नवल नाही.

देवळालीचे उदाहरण

नाशिककरांना 'विषयमग्नते'चे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शाळेत अध्यापन केले. त्यांच्याजवळ गणितातील पदव्युत्तर शिक्षण नव्हते, विद्यापीठातील पद नव्हते. होते ते अंकांवरील निस्सीम प्रेम. कापरेकर स्वमग्न होते असा दावा येथे अभिप्रेत नाही. दिवंगत व्यक्तींचे चरित्र चाळून निदान करण्याची अलीकडची प्रथा शास्त्रीय नाही आणि सभ्यही नाही. त्यांचे उदाहरण घ्यायचे ते, समाज अशा मग्नतेशी कसा वागतो हे पाहण्यापुरते.

सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करीत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि तेथेच ठरते. कापरेकरांचे जन्मवर्ष घेतले तर ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीवर ६१७४. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मांडला. 'डेम्लो' संख्यांना त्यांनी नाव दिले ते ज्या रेल्वे स्थानकावर त्यांची कल्पना सुचली त्या स्थानकाचे. पुस्तिका ते स्वखर्चाने छापीत. देशातील अनेक गणितज्ञांना हे सारे क्षुल्लक वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, त्यानंतर जगभरच्या अंकप्रेमींना हे नाव परिचित झाले.

येथे दोन गोष्टी ध्यानात येतात. कापरेकरांना सोबती मिळाले ते जवळच्या वर्तुळापेक्षा दूरवर, छापील मजकुराच्या मार्गाने. आणि त्यांचे 'खूळ' 'ध्यास' या पदाला पोहोचले ते बाहेरून मान्यता आल्यावर. मान्यता आली नसती तर त्यांचा आनंद उणा ठरला असता काय?

दूरचे सोबती

स्वमग्न व्यक्तीला माणसे नकोत, हा दुसरा गैरसमज. जिम सिंक्लेअर आदी स्वमग्न व्यक्तींनी १९९२ मध्ये स्वतःचे संघटन अमेरिकेत उभारले. त्याचा पुढचा विस्तार मुख्यतः संगणकीय पत्रव्यवहारातून झाला. महाजालाचा स्वमग्नांवरील परिणाम कर्णबधिरांमधील खुणांच्या भाषेच्या प्रसाराइतका मोठा ठरू शकेल, असे हार्वी ब्लूम यांनी १९९७ मध्येच लिहिले होते. त्याचे कारण साधे आहे. लिखित संवादात समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, उत्तराला वेळ घेता येतो आणि आवाजाची पट्टी सांभाळावी लागत नाही. शिवाय संवादाचा आरंभ हवापाण्याच्या गप्पांनी न होता थेट विषयाने होतो. आगगाडीच्या इंजिनांचे प्रकार, एखाद्या जपानी चित्रमालिकेतील पात्राचे वर्तन, आवडत्या कथेला स्वतः लिहिलेला पुढचा भाग, यांवर चाहत्यांच्या मेळाव्यात तीन तास बोलणे हा शिष्टाचार असतो; लग्नाच्या पंगतीत तोच विक्षिप्तपणा ठरतो. माणूस बदललेला नसतो, पंगत बदललेली असते.

स्टीव्ह सिल्बरमन यांनी २०१५ मधील आपल्या ग्रंथात याहून पुढे जाऊन असे प्रतिपादन केले की, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील विज्ञानकथांचे चाहते व हौशी रेडिओप्रेमी यांची मंडळे ही स्वमग्न वृत्तीच्या माणसांची नकळत घडलेली घरेच होती. हे सिद्ध करणे कठीण आहे, पण नाकारणेही सोपे नाही.

ब्रिटनमधील स्वमग्न समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेली 'दुहेरी समानुभूती'ची समस्या येथे लागू पडते. स्वमग्नाला इतरांचे मन कळत नाही एवढेच खरे नाही. इतरांनाही स्वमग्नाचे मन कळत नाही. तूट दोन्ही बाजूंना आहे, दोष मात्र एकाच्या खात्यावर मांडला जातो. कॅथरीन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला. एक गोष्ट आठ जणांच्या साखळीतून पुढे दिली असता, केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीने ती इतरांच्या साखळीइतकीच चांगली पोहोचवली. मिश्र साखळीत ती अधिक गळाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पुनरभ्यासात मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. स्वमग्नांना संवाद साधत नाही या समजाला मात्र दोन्ही अभ्यासांत आधार मिळत नाही.

उपयुक्ततेची अट

चाहतेपणाची बाजू घेणारेही अनेकदा एक अट घालतात: त्याचा काही उपयोग झाला पाहिजे. रॉन सस्किंड यांनी आपला मुलगा ओवेन डिस्ने चित्रपटांतील संवादांच्या आधारे पुन्हा बोलता कसा झाला, हे २०१४ मधील पुस्तकात सांगितले. तो वृत्तान्त हृद्य आहे. परंतु त्यानंतर आवडीला उपचाराचे साधन बनवण्याची जी घाई सुरू झाली, तीत आवड पुन्हा परक्यांच्या ताब्यात जाते. गृहपाठ पूर्ण केल्यास अर्धा तास चित्रमालिका, नाही तर जप्ती, अशी देवघेव घरोघर चालते. प्रौढ स्वमग्न व्यक्तीला तर 'या वयात हे?' या प्रश्नाला रोज तोंड द्यावे लागते. एकविसाव्या वर्षी बाहुल्यांची मालिका आवडणे कोणाचे काय बिघडवते, याचे उत्तर मात्र कोणी देत नाही.

ग्रोव्ह व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश स्वमग्न प्रौढांनी आपणास विशेष आवड असल्याचे सांगितले आणि अशा आवडीचा जीवनातील समाधानाशी अनुकूल संबंध आढळला. गुंतणुकीची तीव्रता फार वाढते तेथे समाधान घटते, हेही त्याच अभ्यासात दिसले. झोप, जेवण व पैसा यांचा तोल सुटत असेल तर मदत हवीच, आणि महाजालावरील फसवणूक व टवाळी यांपासून सावधगिरीही हवी. ही काळजी कोणत्याही तरुणाबाबत घ्यावी अशीच आहे. तीसाठी आवडच गुन्हा ठरवावी लागत नाही.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. एखाद्या अभिनेत्याचे किंवा कादंबरीमालेचे वेड हे वयसुलभ मानले जाते. विषय रूढ, तीव्रता मात्र असाधारण. पण पाहणारा विषयावरच थांबतो. अशा मुली वर्गात इतरांची नक्कल करून निभावून नेतात, घरी परतल्यावर थकून कोसळतात आणि निदान कित्येकदा तिशीनंतर होते. हे मुखवटे सतत वागवण्याचा संबंध नैराश्याशी व आत्मघाताच्या विचारांशी असल्याचे गेल्या दशकातील संशोधन सांगते. आवडीबद्दल ओशाळून राहण्याची सवय हा या मुखवट्याचाच भाग आहे, त्यामुळे 'निःसंकोच' हा शब्द येथे केवळ शैलीसाठी आलेला नाही.

महाविद्यालयातील स्थिती

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वाजवी सोयी नाकारणे हा अधिनियमानुसार भेदभाव ठरतो. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मापनश्रेणी ४० बाबींची आहे. तिचा रोख उणिवांवर आहे, आणि तिच्या कामाचे स्वरूप पाहता ते अपरिहार्यही आहे. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याची जी ओळख संस्थेपर्यंत पोहोचते, तीत त्याला काय जमत नाही हे असते; त्याला काय प्रिय आहे हे नसते. शिवाय अनेकांजवळ प्रमाणपत्रच नसते.

प्राध्यापकाच्या अधिकारात मात्र काही गोष्टी शासननिर्णयाविना येतात. प्रकल्पाचा विषय विद्यार्थ्याच्या आवडीशी जोडू देणे ही त्यांपैकी एक. रेल्वेवेड्याला संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी नाशिकरोड स्थानकावरील गाड्यांच्या विलंबाची आकडेवारी पुरेशी आहे. काल्पनिक प्रदेशांच्या चाहतीला भाषाविज्ञानात विशेषनामांचा अभ्यास करता येतो. तोंडी परीक्षेत प्रश्न लेखी देऊन उत्तरास अवधी देणे ही दुसरी. आणि आवडीला अभ्यासक्रमाशी मुळीच न जोडता, मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या कोपऱ्यात कानांवर श्रवणयंत्र चढवून तोच भाग एकोणपन्नासाव्यांदा पाहणाऱ्याला 'जरा मुलांत मिसळत जा' असे न सांगणे ही तिसरी. त्या क्षणी तो कदाचित दुसऱ्या एखाद्या शहरातील सोबत्याबरोबर तोच भाग पाहत असतो.