बारावीनंतर नृत्य : पाच दशकांत पालक कुठवर आले?

1972 मध्ये मुंबईत जुहूला नालंदा नृत्य कला महाविद्यालय सुरू झालं आणि मुंबईतल्या मुलीला लोकलच्या अंतरावर विद्यापीठाची नृत्यातली पदवी घेता येऊ लागली. तोवर आईवडिलांपुढे प्रश्न असायचा तो क्लासचा. कॉलेजचा प्रश्न इथून पुढचा. नंतरच्या पन्नासेक वर्षांत अभ्यासक्रम बदलले, प्रवेशाच्या रीती बदलल्या आणि आईवडीलही बदलले. एके काळी त्यांच्याकडून हवी असायची ती फक्त परवानगी. आज चौकशी, हिशेब, सोबत आणि योग्य वेळी बाजूला होणं, एवढं सगळं त्यांच्याकडून लागतं. माझी मुलगी कथकची पदवी घेऊन बाहेर पडली आहे. अशा एका घरातली आई म्हणून मी हा मागोवा घेते आहे.

नालंदाच्या आधीही महाराष्ट्रात नृत्य होतं, आणि उत्तम होतं. रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली, तेव्हा चांगल्या घरच्या मुलीनं पायात घुंगरू बांधणं अनेकांना पचत नव्हतं. हळूहळू मध्यमवर्गातल्या मुली संध्याकाळी क्लासला जाऊ लागल्या. मात्र या परवानगीला बहुधा मुदत असे: लग्न ठरेपर्यंत. नृत्याला संस्कार म्हणून घरात जागा मिळाली, शिक्षण म्हणून मिळायला वेळ लागला.

नृत्य शिक्षण म्हणून देणाऱ्या संस्था होत्या, पण दूर. मद्रासला रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 मध्ये कलाक्षेत्र उभारलं होतं. बडोद्याला 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि तिथं संगीताबरोबर नृत्यही पदवीचा विषय झालं. 1956 मध्ये खैरागडच्या राजा-राणींनी अकाली गेलेल्या इंदिरा या आपल्या मुलीच्या नावानं कला विद्यापीठ व्हावं म्हणून राजवाडाच देऊन टाकला. त्यातल्या त्यात बडोदा मराठी माणसाला आपलं वाटायचं. तरी सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला नृत्य शिकायला परगावी ठेवायचं धाडस फार थोड्या घरांनी केलं. ज्यांना खोलवर शिकायचं होतं त्यांची वाट गुरूच्या दारातून जायची. मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांच्याकडे शिकलेल्या सुचेता भिडे-चापेकर पुढे तंजावरच्या परंपरेतले किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या. अशा वाटेवर आईवडिलांचा आधार लागायचाच, पण तो पैशाचा आणि विश्वासाचा. फॉर्म, कटऑफ, ऑडिशन हे शब्द अजून घरात आले नव्हते.

नालंदामुळे नेमकं काय बदललं? नालंदाच्या संस्थापक डॉ. कनक रेळे स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या. लहानपणापासून कथकली शिकल्या, पुढे मोहिनीअट्टममध्ये त्यांनी मोठं काम केलं आणि मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेटही नृत्यातच मिळवली. नृत्याला शास्त्र आहे, ते वर्गात शिकवता येतं, त्यावर उत्तरपत्रिका लिहिता येते, ही गोष्ट त्यांनी विद्यापीठाच्या चौकटीत बसवून दाखवली. सकाळी अडवू किंवा तत्कार आणि दुपारी नाट्यशास्त्राचा तास, असा दिवस पाहिल्यावर वडीलमंडळींच्या मनातली एक अढी सुटली. पदवीचा कागद हातात येणार होता आणि त्यावर विद्यापीठाचा शिक्का असणार होता. आज हा युक्तिवाद तोकडा वाटेल, पण त्या शिक्क्यामुळे अनेक मुलींची परवानगी लग्नाच्या मुदतीतून सुटली.

याच काळात घरोघरी दुसरी एक शिडी रुजत होती. 1931 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची ही शिडी: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. गावोगावच्या क्लासना या परीक्षांनी शिस्त लावली. परीक्षा केंद्राबाहेर डबा, पाण्याची बाटली आणि सेफ्टी पिनांचं पाकीट घेऊन बसलेल्या आया हे महाराष्ट्रातलं ओळखीचं दृश्य झालं. मात्र याच शिडीमुळे एक प्रश्नही तयार झाला, आणि तो अजून ऐकू येतो: मुलगी विशारद झाली, आता वेगळं कॉलेज कशाला? परीक्षा शिकलेलं तपासते. कॉलेजात रोजचे चार-पाच तास मिळतात, तबलजीसमोर उभं राहून लय पक्की करता येते, दुसऱ्या शैलीच्या मुलांबरोबर वावरता येतं आणि स्वतःच्या नृत्याबद्दल लिहायची-बोलायची सवय लागते. आठवड्यातून दोनदा तासभर चालणाऱ्या क्लासकडून हे सगळं मागणं त्या क्लासवरही अन्याय आहे.

1987 मध्ये पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र सुरू झालं. संगीत, नृत्य आणि नाट्य एका छताखाली आलं. कथकचा पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम आखताना रोहिणीताईंनी स्वतः लक्ष घातलं. केंद्राच्या नावातच 'गुरुकुल' असल्यामुळे पालकांच्या मनातला गुरू की विद्यापीठ हा झगडाही थोडा सैल झाला. मुंबईत राहायची सोय नसलेल्या घरांना पुणे परवडायचं. कुणाची मावशी तिथं असायची, कुणाचा काका. नातेवाइकांच्या घरी राहून कलेची पदवी घेतलेली एक पिढी आज राज्यभर नृत्य शिकवते आहे.

मग टीव्ही आला. 1996 मध्ये 'बूगी वूगी', 2009 मध्ये 'डान्स इंडिया डान्स' आणि त्याच सुमारास मराठीत 'एकापेक्षा एक'. या कार्यक्रमांनी मोठं काम केलं: मुलगे नाचू लागले आणि त्यांच्या वडिलांना त्याचा अभिमान वाटू लागला. मुलग्यानं कथक शिकायचं म्हटलं की 'पुढे घर कसं चालवणार' हा प्रश्न मुलीच्या वेळेपेक्षा मोठ्या आवाजात विचारला जायचा. तो आवाज थोडा खाली आला. तोटाही झाला. टीव्हीवरचं यश काही आठवड्यांत मोजलं जातं, शरीर घडायला वर्षं लागतात. दहावी-अकरावीतल्या मुलाला ऑडिशनच्या रांगेत उभं करण्यासाठी शाळा बुडवणारे पालक त्याच्या पदवीचा विचारच करत नव्हते. समकालीन नृत्याचं शिस्तीत शिक्षण देणारी बंगळूरची अट्टकळरी ही संस्था 1992 पासून काम करत होती, पण तिचं नाव फार थोड्या मराठी घरांत पोचलं.

गेल्या दशकात सरकारनं दहावीच्या निकालात शास्त्रीय नृत्य-गायनाच्या परीक्षांना वाढीव गुण देऊ केले. क्लासमधली गर्दी वाढली आणि दहावीनंतर ती ओसरूही लागली. नृत्य टक्केवारीच्या कामाला लागलं. ज्यांना नृत्यातच पुढे जायचं होतं, त्यांच्या उपयोगाची माहिती मात्र या धावपळीत मागे पडली. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सीसीआरटी या केंद्रीय सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती असते, अठरा ते पंचवीस वयाच्या तरुण कलाकारांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची असते. पहिल्या शिष्यवृत्तीचं वय उलटून गेल्यावर तिच्याविषयी कळलेले कितीतरी पालक मला भेटले आहेत. मुलाच्या गळ्यात हार घालायला सगळे येतात, पण फॉर्मची शेवटची तारीख लक्षात ठेवणारं माणूस घरातच लागतं.

2020 मध्ये टाळेबंदी आली आणि दिवाणखान्याचं सोफे सरकवून नृत्यालय झालं. इंटरनेटवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे तबला आणि पाय एका वेळी जुळेनात. रेकॉर्ड केलेल्या लेहऱ्यावर रियाज चालला. 2021 मध्ये बारावीची परीक्षाच रद्द झाली, तर काही ठिकाणी प्रवेशासाठी नृत्याचे व्हिडिओ मागवले गेले. आईवडील कॅमेऱ्यामागे उभे राहिले. कथकमध्ये पाय दिसलेच पाहिजेत, चक्कर घेताना मूल चौकटीबाहेर जाता कामा नये, मधे काटछाट नको, या गोष्टी त्यांनी तेव्हा शिकून घेतल्या. साथ ओसरली तरी व्हिडिओची रीत काही ठिकाणी टिकली आणि पालकांचं हे कौशल्यही कामाचं ठरलं.

अमेरिकेतल्या मराठी घरांत याच काळात वेगळाच पेच होता. न्यू जर्सी किंवा बे एरियात वाढलेली मुलगी आठ-दहा वर्षं भरतनाट्यम शिकते, अरंगेत्रम करते आणि कॉलेजच्या अर्जाशी येऊन थांबते. तिथल्या नृत्य पदवीच्या बहुतेक ऑडिशनमध्ये बॅले आणि मॉडर्नचा वर्ग घेतात, मग एकल सादरीकरण. भारतीय शैलीत घडलेल्या शरीराला हा दरवाजा अरुंद पडतो. म्हणून पुष्कळ घरं दुसरा मुख्य विषय घेऊन नृत्याची चित्रफीत अर्जाला पुरवणी म्हणून जोडतात. यूसीएलएसारख्या ठिकाणी जगभरच्या नृत्यपरंपरांचा अभ्यास होतो, अशा जागा शोधून काढणारे पालकही आहेत. तिथं आणि इथं गरज एकच: कॉलेज नेमकं कोणतं नृत्य शिकवतं, हे अर्ज भरायच्या आधी पाहणं.

आमच्या घरी हा शोध मुलीच्या अकरावीत सुरू झाला. माहितीपत्रकं वाचली, शिक्षकांना भेटलो, पण सगळ्यात उपयोगी पडलं ते तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींशी झालेलं बोलणं. दिवसाला प्रत्यक्ष किती तास नाचता? साथीला तबलजी बसतात की रेकॉर्डिंग लावतात? मागच्या वर्षीच्या मुली आज काय करतात? पाय दुखावला तर वर्ग चुकल्याची हजेरी कापतात का? एका कॉलेजात नृत्याचा वर्ग काँक्रीटवर बसवलेल्या फरशीवर चालायचा. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन पायाचा धक्का शोषून घेते. फरशी तो घोट्याला, नडगीला, गुडघ्याला परत देते. रोज हजारो पदन्यास करणाऱ्या शरीरासाठी ही बाब फीइतकीच महत्त्वाची आहे. ते कॉलेज आम्ही यादीतून काढलं.

सुरक्षिततेचा प्रश्नही आता मोकळेपणानं विचारायला हवा. 2023 मध्ये कलाक्षेत्रातल्या विद्यार्थिनी लैंगिक छळाच्या विरोधात धरणं धरून बसल्या, तेव्हा देशभरातल्या नृत्यशाळांना हादरा बसला. गुरूचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, या संस्कारात वाढलेल्या मुलांना तक्रार करणं अवघड जातं. 2013 च्या कायद्यानुसार संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावं कुठं लावली आहेत, हे विचारण्यात गुरूचा अपमान नाही. चांगला गुरू या प्रश्नाचं स्वागतच करतो.

पोटाचा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी होता तसा आजही आहे, आणि तो झटकून टाकणं बरोबर नाही. नृत्याच्या पदवीधरांतले बरेचसे शिकवून कमावतात: स्वतःच्या क्लासमध्ये, शाळेत, कॉलेजात. प्राध्यापक व्हायचं तर एमए आणि नेट आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं कोलकाता संवेदबरोबर डान्स मूव्हमेंट थेरपीचा अभ्यासक्रम चालवला आणि उपचाराच्या क्षेत्राची वाट दिसली. नव्या शैक्षणिक धोरणानं आलेल्या चार वर्षांच्या पदवीत नृत्याबरोबर दुसरा विषयही नीट शिकता येतो. मानसशास्त्र, संस्कृत किंवा व्यवस्थापन घेतलेल्या मुलीला पुढे दोन दारं उघडी राहतात. सुरुवातीची काही वर्षं उत्पन्न तुटपुंजं आणि अनियमित असतं. ती वर्षं घर किती काळ सांभाळू शकेल, हे आईवडिलांनी मुलांना आकड्यांत सांगावं. त्यामुळे मुलं घाबरत नाहीत, उलट तयारीला लागतात.

पाच दशकांचा हिशेब मांडला तर पालकांनी मोठा पल्ला गाठला आहे, हे मान्य करायला हवं. मुलीनं घुंगरू बांधू नये म्हणणाऱ्या समाजात आज वडील मुलाच्या कथकच्या ऑडिशनला रात्रीच्या एसटीनं सोबत जातात. उरलं आहे ते दोन टोकांमधलं अंतर शिकणं. काही घरं अजून मुलांवर सगळं सोडून देतात, काही घरं मुलांच्या वतीनं सगळंच करतात. चौकशी, पैसा, प्रवास, तारखा ही आपली कामं. कोणती रचना सादर करायची, कोणत्या गुरूकडे मन ओढ घेतं आणि नाचायचं की नाही, हे त्यांचं.

ज्यांच्या घरी आज नववी-दहावीतलं मूल मन लावून नाचतं आहे, त्यांना माझी विनंती आहे. येत्या सुट्टीत त्याला घेऊन एखाद्या नृत्य महाविद्यालयात जा, परवानगी काढून वर्ग पाहा, तिथल्या विद्यार्थ्यांशी त्याला एकट्याला बोलू द्या. बारावीच्या निकालानंतर सुरू केलेला शोध घाईत संपतो आणि त्या घाईची किंमत मूल भरतं.